कळव्याच्या गच्चीवरची वीज : योजना आणि हिशेब



12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि बातम्यांत आपल्या कळव्याचे नाव आले. कारण बिघाड कळवा-पडघे या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरचा होता. गच्चीवर सौर पॅनेले असती तर आपल्या घरी तरी दिवे राहिले असते, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे, म्हणून प्रारंभ तिच्यापासूनच करतो.

घरांवर बसते ती बहुतेक यंत्रणा बॅटरीशिवायची असते आणि कंपनीच्या तारांशी जोडलेली असते. तारांतली वीज गेली की तिचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तसा तो पडलाच पाहिजे. नाहीतर वीज नाही असे समजून तारेला हात घालणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरची वीज मारील. बॅटरी घेतली तर अंधार टळतो, परंतु खर्च बराच वाढतो. तेव्हा पॅनेले लावायची ती बिल कमी करण्यासाठी, हे मनाशी पक्के करावे आणि मग कागद-पेन्सिल घ्यावी.

आम्ही कामगारांत काम करणारे लोक. पगारपत्रक कसे वाचावे हे सांगण्यात आमची वर्षे गेली. वीजबिलही तसेच वाचावे लागते. मागील बारा महिन्यांची बिले पुढे मांडा आणि युनिटांची बेरीज करा. घरगुती दराचे टप्पे आहेत : 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. गच्चीवर तयार झालेली वीज बिलातून वजा होते तेव्हा प्रथम सर्वांत महाग टप्पा गळतो. म्हणून 350 युनिट जाळणाऱ्या घराला पहिल्या किलोवॉटचा जेवढा फायदा, तेवढा 90 युनिट जाळणाऱ्या घराला नाही. स्थिर आकार मात्र कोणालाच चुकत नाही.

आता आकाराचा प्रश्न. आपल्या भागात एक किलोवॉटची पॅनेले वर्षाच्या सरासरीने महिन्याला सुमारे 110 युनिट देतात. मे महिन्यात अधिक, जुलैत पुष्कळच कमी. त्यांना साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून तारांत जाते आणि तेवढी युनिटे आपल्या खात्यावर जमा होतात. परंतु आर्थिक वर्षाच्या अखेरीस जी शिल्लक राहते तिला मिळणारा भाव आपण मोजतो त्या दरापेक्षा फार कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचे स्वप्न पाहू नये.

पैशांचे आता पाहू. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असे घरामागे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठरले. समजा, तीन किलोवॉटचा दर 1,80,000 रुपये सांगितला गेला. अनुदान वजा जाता 1,02,000 उरतात. महिन्याला बिलात 2,500 रुपये वाचले तर साडेतीन वर्षांच्या आत पैसे फिटतात, आणि पॅनेले पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बनवलेली असतात. एवढीच रक्कम सात टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर हप्ता सुमारे 2,020 रुपये पडतो. म्हणजे बचतीतूनच हप्ता निघतो.

पण या हिशेबात तीन खाचा आहेत. पहिली, अनुदान आधी मिळत नाही. यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ते बँकेच्या खात्यात येते. तोवर पूर्ण रकमेची तजवीज आपलीच. दुसरी, अनुदानासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतीय बनावटीची हवीत. दरपत्रकात तसे लिहून घ्यावे. तिसरी, इन्व्हर्टर पंचवीस वर्षे टिकत नाही. मध्ये एकदा तो बदलण्याचे पैसे बाजूला ठेवावेत. दरपत्रके तीन ठिकाणांहून घ्यावीत. सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर ते परत करावे.

इथवरचा हिशेब स्वतंत्र घराचा झाला. परंतु कळव्यात, खारेगावात, विटाव्यात स्वतःचे छप्पर असलेले लोक किती? आपण बहुतेक सोसायटीत राहणारे. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला गच्ची एकच. ज्यांच्या हाती रोख पैसा आहे अशा चारपाच जणांनी तीन-तीन किलोवॉट लावले की मोकळी जागा संपली. पहिल्या मजल्यावरची निवृत्त बाई आणि कर्जाच्या हप्त्यात अडकलेला तरुण यांच्या वाट्याला मग काय उरते? नियमाने कोणी चूक केलेली नसते, आणि तरी सर्वांची वस्तू काहींची झालेली असते. कारखान्यात आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गच्चीवरचे पहिले पॅनेल सामाईक मीटरसाठी असावे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल सर्वजण भरतात, तेव्हा ते उतरले की लाभही सर्वांना होतो. सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. समजा, वीस घरांच्या इमारतीने दहा किलोवॉट लावले, खर्च 5,50,000 आला आणि अनुदान 1,80,000 मिळाले. उरले 3,70,000, म्हणजे घरटी 18,500. महिन्याची 1,100 युनिटे दहा रुपयांच्या हिशेबाने धरली तर 11,000 रुपये वाचतात, घरटी 550. चौतिसाव्या महिन्यात पैसे वसूल. ज्याला एकरकमी जमत नाही त्याच्याकडून सोसायटीने तेच 550 महिन्याला घ्यावेत. त्याच्यावर नवा बोजा पडत नाही. सामाईक गरज भागून जी जागा उरेल ती सभासदांना कोणत्या क्रमाने द्यायची, हेही त्याच सर्वसाधारण सभेत ठरवून इतिवृत्तात लिहावे. तोंडी कबुली पुढच्या कमिटीला बांधत नाही.

सभेपुढे आणखी एक कागद असला पाहिजे : इमारतीच्या बांधकामाच्या तपासणीचा. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याला इमारत कोसळून 74 माणसे गेली. तिथे पॅनेलांचा संबंध नव्हता. पण बांधकामाकडे डोळेझाक केल्याचे मोल काय, हे आपल्या भागाला निराळे सांगायला नको. पॅनेलांच्या वजनापेक्षाही पावसाळी वारा त्यांना उचलतो त्याचा ताण मोठा असतो. म्हणून सांगाड्याचे पाय कसे रोवणार आणि गच्चीचा गळतीरोधक थर फोडला तर दुरुस्त कोण करणार, हे करारात आले पाहिजे. पाण्याच्या टाकीची आणि शेजारी उठणाऱ्या उंच इमारतीची सावलीही आधी पाहावी. एका पॅनेलवरची सावली तिच्याशी जोडलेल्या पॅनेलांची वीज खाली ओढते.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करायचा असतो. 2024 च्या नियमदुरुस्तीने दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वेगळी अट उरलेली नाही. तेव्हा सरकारदरबारची वाट आता फार अवघड नाही. अवघड आहे ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंतची. ती चढायची तर घरी जाऊन सोसायटीच्या सामाईक मीटरची बारा बिले चिटणिसांकडे मागा, बेरीज करा आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घालायला सांगा. सभेला मात्र झाडून सगळ्यांनी यावे. जे येत नाहीत त्यांच्या वाट्याचे ऊनही दुसराच कोणी वाटून घेतो.