चाकोरीबाहेरची चाकं

‘ऑफरोड’ला मराठी शब्द काय? थांबा, गूगल नको! बैलगाड्या त्याच त्या वाटेनं जाऊन जाऊन मातीत जी खोल रेघ पडते, ती चाकोरी. ती सोडून निघाला तो चाकोरीबाहेरचा. कवींपासून स्टार्टअपवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या कौतुकात वापरून गुळगुळीत झालेला हा शब्द मुळात चाकांचा आहे. आज तो चाकांना परत देऊ या!

स्थळ रायगडातलं कर्जत-खालापूर. ऋतू पावसाळा. गाडी फोर बाय फोर. आणि टायर? तो रिम सोडून चिखलात आडवा! पंक्चरवाला लांब, मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी टायर हातानं, मशिनशिवाय बदलता येतो का? येतो! कसा, ते सांगतेच. आधी जरा मसाला.

माहीत आहे का, ‘स्टेपनी’ हे चक्क एका रस्त्याचं नाव आहे? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे टॉम डेव्हिस नावाच्या माणसाने १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक काढलं आणि त्याला रस्त्याचंच नाव दिलं. साहेबाच्या देशात हा शब्द कधीच विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र खोपोलीपासून खामगावपर्यंत कुणालाही विचारा, ‘स्टेपनी’ म्हटलं की बोट गाडीच्या मागे जातं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘इस्तेपी’ म्हणतात. लानेलीची स्टेपनी किती लांब धावली बघा!

आणि त्याआधी? त्याआधी मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की कोट काढायचा, रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर हातानं उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, टायर परत चढवायचा. आज आपण ज्याला हार्डकोअर स्किल म्हणतो, ते तेव्हा मोटार बाळगणाऱ्याचं रोजचं काम होतं.

त्याहून मागे जाऊ. १८८९ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलवाला पंक्चर घेऊन आला. तेव्हा टायर रिमला चिकटवलेले असायचे. दुरुस्तीला तीन तास आणि वर डिंक सुकायला अख्खी रात्र! दोघं भाऊ हट्टाला पेटले आणि १८९१ मध्ये हातानं काढता-घालता येणाऱ्या टायरचं पेटंट त्यांनी घेतलं. एका पंक्चरमधून जगातली एक बलाढ्य टायर कंपनी उभी राहिली.

पण थांबा, आपल्या गावातही टायर बदलत होतेच की! लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे ‘धाव’. काय झकास शब्द आहे, नामही आणि क्रियापदही! सुतारानं आरे बसवून चाक करायचं, लोहारानं धाव आगीत लालबुंद तापवायची. तापली की ती पसरते, मोठी होते. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. चर्रर्र! थंड होताना धाव आकसते आणि चाक मुठीत धरल्यासारखं आवळते. ना नट, ना बोल्ट.

आणि हीच युक्ती कर्जत स्टेशनातही होती! बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. चढ इतका खडा, की ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. म्हणून कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आणि त्या थांब्याच्या वेळात आपण वडापाव मिळवतो. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर पोलादी टायर असायचे, तेही असेच तापवून चढवलेले. बैलगाडी आणि आगगाडी, दोघींची चप्पल एकाच पद्धतीची.

आता गंमत ऐका. याच कर्जत तालुक्यात एक गाव आहे जिथे स्टेपनीची गरजच नाही. माथेरान! तिथे मोटारींना बंदी. तुमची थार असो की जिम्नी, दस्तुरी नाक्यावर मुकाट थांबायचं. पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षानं, किंवा खाली नेरळहून निघणाऱ्या १९०७ सालच्या मिनी ट्रेननं. डोंगराखाली मड टायरची चर्चा, डोंगरावर घोड्याच्या नालेची.

जीपकडे वळू या. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ‘कॉम्बॅट रिम’ असायच्या. म्हणजे रिमचे दोन अर्धे भाग, आठ नटांनी एकमेकांना जोडलेले. रणांगणावर टायर मशिन कुठून आणणार? हवा सोडा, आठ नट काढा, रिम पोळी-भाजीच्या डब्यासारखी उघडा, टायर मोकळा! पण आधी हवा सोडायची, हे विसरलं तर रिमचा अर्धा भाग तोफगोळा व्हायचा.

आणि हे माहीत आहे का? त्याच जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असायचे. सोडवायला गेलं की आवळायचे! चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही काळजी. जुनी जीप कुणी सांभाळली असेल तर पाना लावण्याआधी नटावर ‘एल’ खूण शोधा. आपल्याकडे महिंद्राने १९४७ मध्ये जीपची जुळणी सुरू केली, आणि त्याच घराण्याची थार आज नाशिकला बनते.

चला, आता अंगणात! माझ्या मामाचं घर कर्जतजवळ आहे. मी तिथे पहिल्यांदा टायर रिमवरून उतरवला, म्हणून सगळं डोळ्यांसमोर आहे. सामान अगदी साधं: जॅक, जाड फळी, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, दोन-तीन लांब टायर लिव्हर, बादलीत साबणाचं पाणी, आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप.

पहिला धडा गाडी उचलण्याआधीचा. नट आधी ढिले करायचे आणि मग जॅक लावायचा. उलटं केलंत तर हवेत चाक गरगर फिरतं आणि नट तिथेच. बाकीच्या चाकांना दगड लावायचे, जमीन भुसभुशीत असेल तर जॅकखाली फळी. पावसाळ्यातल्या कर्जतच्या जमिनीत फळीशिवाय जॅक म्हणजे लोण्यात सुरी.

मग चाक काढून तिथे स्टेपनी लावायची आणि जॅक मोकळा करायचा. काढलेलं चाक आडवं पाडायचं, पिन काढायची, फुस्सऽऽ. सगळी हवा जाऊ द्यायची. सगळी म्हणजे सगळी!

आता बीड सोडवायचं. मराठवाड्यात जायची गरज नाही! टायरची जी जाड कड रिमला घट्ट चिकटून बसते ती बीड. आत पोलादी तारांचं वेटोळं असतं, त्यामुळे ती ताणली जात नाही, बापजन्मात नाही. मग ती रिमवरून निखळवायची कशी? गाडीचंच वजन वापरून! आडवा टायर गाडीशेजारी ठेवायचा, त्याच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, रिमला लागून जॅक उभा करायचा आणि तो गाडीच्या मजबूत भागाखाली घेऊन चढवायचा. गाडी उचलली जायला लागते, तिचा भार टायरच्या गालावर येतो आणि ‘भक्क’ करत कड खाली बसते. दोन्ही बाजूंनी हेच करायचं. टायर प्रेशर सेन्सरवाली गाडी असेल तर व्हॉल्व्हच्या जवळ जॅक ठेवायचा नाही, सेन्सर तिथेच आत लपलेला असतो.

यापुढचा भाग या लेखाचा जीव आहे, म्हणून स्किम करणाऱ्यांनो, इथे ब्रेक मारा.

मी लिव्हर घातला आणि लोंबकळले. टायर ढिम्म. मामा म्हणाला, “अगं, जोर कशाला लावतेस? समोरच्या बाजूला गुडघा दे.” मी समोरच्या बाजूवर गुडघा टेकला, टायरची कड आत ढकलली, आणि लिव्हर एका हातानं वर आला! जादू नाही, रिमची रचना. रिमच्या दोन कडांच्या मधे एक खोलगट पट्टा असतो. तिथे रिमचा घेर कमी असतो. कडेचा एक भाग त्या खळग्यात उतरला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि न ताणताच कड रिमवरून बाहेर येते.

म्हणजे बघा, रस्त्यातला खळगा टायर फोडतो आणि रिममधला खळगा टायर सोडवतो!

लिव्हरचे घास लहान घ्यायचे, एका वेळी फार तर वीतभर. खळगा रिमच्या ज्या कडेला जवळ असतो, ती बाजू वर ठेवायची आणि टायरच्या दोन्ही कडा त्याच बाजूनं काढायच्या. अलॉय रिम असेल तर जुन्या प्लॅस्टिक कॅनचे तुकडे लिव्हरखाली ठेवायचे, ओरखडा येत नाही. आणि साबणाचं पाणी सढळ हातानं! तेल किंवा ग्रीस अजिबात नको. तेल रबर खातं, आणि पुढे टायर रिमवरच घसरतो.

चढवताना सगळं उलट्या क्रमानं. नव्या टायरच्या गालावर पिवळा ठिपका दिसतो का बघा. ती टायरची सर्वांत हलकी जागा. व्हॉल्व्हचं वजन तिथे येईल असा तो बसवतात. कारखान्यातून ‘नजर न लागो’ टिकली लावूनच टायर घरी येतो म्हणा ना!

शेवटी हवा. ट्यूबलेस टायरची कड रिमपासून लांब असेल तर पंप नुसता हवा फुंकत बसतो. तेव्हा टायरच्या पाठीवरून माल बांधायचा पट्टा गुंडाळून आवळायचा. कडा बाहेर फाकतात, हवा धरते. मग आवाज येतो: फट्! आणखी एकदा फट्! दोन कडा, दोन फटाके, टायर बसला. मला तो आवाज दिवाळीइतका आवडतो. मात्र ४० पीएसआयपर्यंत फट् झालं नाही तर पंप बंद, हवा सोडा, साबण लावा, पुन्हा सुरुवात. काही व्हिडिओंत टायरमध्ये पेट्रोल शिंपडून काडी लावतात. ते कधीही करू नका. आणि ट्रकच्या लोखंडी रिंगवाल्या रिमला घरी हातच लावू नका. ती रिंग उडाली तर जीव जातो. ते काम पिंजरा आणि अनुभव असलेल्या माणसाचं.

पीएसआय म्हणजे फौजदार नव्हे! हवेचा दाब. आणि यात भारी गणित आहे. एका चाकावर ४०० किलो भार आणि टायरात ३२ पीएसआय धरा. ढोबळमानाने टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम १८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट एक तळहात. अख्खी गाडी चार तळहातांवर उभी! दाब निम्मा करा, जागा दुप्पट. म्हणून चिखलात शिरण्याआधी ऑफरोडवाले हवा सोडतात. आधी हवा कमी करायची, मग हवा करायची!

पण कमी हवेवर झटकन वळलात तर टायरची कड रिम सोडते. म्हणून तर ही अंगणातली विद्या शिकायची.

खालापूरचा धोका वेगळाच. इथे चिखल आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे अगदी शेजारी-शेजारी. अर्ध्या हवेनिशी खालापूर टोलनाक्याकडे निघालात तर टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो, उलगडतो, तापतो, आणि तापलेला टायर वेगात फुटतो. काँक्रीटवर चढण्याआधी पंप काढून हवा पूर्ण भरलीच पाहिजे. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

आणि एक मनापासूनची विनंती. लावणी झालेल्या खाचरात चाक घालू नका. तुमचं ते ऑफरोड, कुणाचं तरी ते वर्षाचं भात.

दम खाल्लात? आता रॅपिड फायर!

सर्वांत वेगवान चाकबदल? फॉर्म्युला वनच्या २०२३ च्या कतार ग्रांप्रीत मॅक्लारेनच्या टीमनं चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. ‘कर्जत’ म्हणायलाच अर्धा सेकंद लागतो!

सर्वांत जास्त टायर कोण बनवतं? लेगो! खेळण्यांचे इवलेसे टायर, वर्षाला ३० कोटींच्या वर.

एमआरएफची सुरुवात कशाने झाली? १९४६ मध्ये, मद्रासला, फुग्यांनी. हवा भरण्याचा धंदा पहिल्यापासूनच!

‘सिएट’ आपलं वाटतं ना? नाव आलंय इटलीतल्या तुरीन शहरातून. १९२४ मध्ये तिथे स्थापन झालेल्या केबल कंपनीची ही आद्याक्षरं.

मिशलँचा तो गुबगुबीत माणूस पांढरा का? तो जन्मला १८९८ मध्ये, तेव्हा टायर फिकट रंगाचे असायचे. काजळी मिसळून रबर टिकाऊ करायची युक्ती नंतर रुळली आणि टायर काळे झाले. माणूस गोराच राहिला.

नव्या थारच्या टायरवरचं २५५/६५ आर १८ वाचता येतं? रुंदी २५५ मिलिमीटर, गालाची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. सगळं जोडलं की टायरची उंची भरते सुमारे ३१ इंच.

जुना टायर परसात पडलाय? पावसाचं पाणी साचलं की तिथे डेंग्यूच्या डासांची वसाहत तयार. पालथा घातला तरी पाणी राहतं, कारण टायरला आतून दोन्हीकडे पन्हळ असते. भोकं पाडा, झाडाला झोका करा, नाहीतर पोरांना द्या. काठीनं टायर पळवण्याइतका स्वस्त मोटारस्पोर्ट जगात नाही. आणि ट्यूब असेल तर उन्हाळ्यात विहिरीवर न्या, अर्धा रायगड तिच्यावरच पोहायला शिकलाय.

शेवटचं एक, आणि हे आत्ताच करून बघा. टायरच्या गालावर लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये जन्मला. चारही चाकांचे वाढदिवस वाचून झाले? आता मागे जा, कव्हर काढा. लानेलीच्या त्या रस्त्याचं नाव मिरवणारी पाचवी तिथे लटकलीय. तिचा वाढदिवस कधी असतो?