शस्त्रक्रियेपूर्वीची शाळा

आमची थोरली बहीण, जिला आमच्या घरातील लहानथोर सारेच अक्का म्हणतात, तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया २०१६ साली झाली आणि डाव्याची २०२२ साली. शहर एकच, इंदूर. रोगीही तीच आणि आजारही तोच. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजून हाडास हाड घासू लागते तो, वयाबरोबर येणारा संधिवात. दोन्ही वेळचे शल्यविशारद आपल्या कामात निष्णात होते. असे असूनही आज अक्का उभी राहिली की डावा पाय ओळंब्यात असतो आणि उजवा गुडघ्यात किंचित वाकलेला. या दोन पायांतील फरकाचे कारण शस्त्रक्रियागृहात घडलेले नाही. ते आमच्या घरात, आमच्या डोळ्यांदेखत आणि आमच्याच हातून घडले, म्हणून हा लेख.

पहिल्या वेळी रुग्णालयाने आम्हांस ज्या सूचना दिल्या त्या मोजक्या होत्या : अमुक वाजता दाखल व्हा, मध्यरात्रीनंतर पाणीही घेऊ नका, अमुक रक्कम भरा. घरी सोडताना हाती पडलेल्या कागदावर व्यायामाविषयी इंग्रजीत एक ओळ होती. घरी आल्यावर अक्काचा पाय सरळ केला की तिला कळ यायची व थोडा वाकवून ठेवला की बरे वाटायचे. तेव्हा तिच्या दोन्ही सुनांनी मायेपोटी गुडघ्याखाली एक मऊ उशी सरकवली. ती उशी रात्रंदिवस दीड महिना तेथेच राहिली. आम्हीही रोज संध्याकाळी जाऊन ती नीट लागली आहे ना, हे पाहत होतो. ज्याने दुखणाऱ्यास आराम पडतो ते त्याच्या हिताचे असते, या समजुतीवर आपल्या साऱ्या शुश्रूषा चालतात. येथे नेमके उलट होते. वाकलेल्या स्थितीत राहिलेला नवा सांधा भोवतालच्या मांसतंतूंना आखूड करतो, आणि एकदा ते आखूड झाले की पाय पुन्हा पूर्ण सरळ होणे कठीण होऊन बसते. उशी द्यायचीच तर ती टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा आपल्या भारानेच खाली जाऊन सरळ होतो. हे एक वाक्य आम्हांस आधी कोणी सांगितले असते तर! सहा महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाय पाहिला आणि ते म्हणाले, "पहिल्या काही आठवड्यांत आला असतात तर व्यायामाने पुष्कळ साधले असते."

त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. जखमेच्या व्रणाच्या बाहेरच्या बाजूस तळहाताएवढी जागा बधिर झाल्याचे अक्काच्या ध्यानात आले. नस कापली गेली या भयाने तिने आठ दिवस व्यायाम बंद ठेवला. वास्तविक त्वचेतील बारीक मज्जातंतू छेदात तुटतात व तेथे काही काळ, कधी कायमचाही, बधिरपणा राहतो. चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. सूज कित्येक महिने राहू शकते, सांध्यास हात लावला तर तो गरम लागतो, चालताना क्वचित टक् असा आवाज येतो. यातील प्रत्येक गोष्टीने आमच्या घरात एकेक रात्र जागवली आहे.

'गुडघा बदलला' हा आपल्याकडील शब्दप्रयोगही काहीसा दिशाभूल करणारा आहे. बिजागरी काढून नवी बसवावी तसा सगळा सांधा उचलून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात व दोहोंच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. बाजूंचे मुख्य बंध, स्नायू आणि त्वचा सारे जुनेच असते. म्हणजे सांधा नवा, पण तो चालवणारा गडी जुनाच, तोही वर्षानुवर्षे दुखऱ्या पायाला जपून जपून अशक्त झालेला. त्यातच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची शक्ती निम्म्याच्या आसपास घटते. ज्याच्या गाठीशी आधीच थोडे होते त्याच्यापाशी उरणार काय? म्हणून व्यायामाचा आरंभ शस्त्रक्रियेच्या आधी चार-सहा आठवडे झाला पाहिजे.

या शस्त्रक्रियेशी आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींचे एक नातेही आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला होता. तो टिकला नाही. आजच्या घडणीचा सांधा १९७४ साली न्यूयॉर्क येथे सिद्ध झाला, आणि तो घडवणाऱ्या जॉन इन्सॉल, पीटर वॉकर यांच्या जोडीने डॉ. चित्तरंजन राणावत होते, जे आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. ग्वाल्हेरचे सुपुत्र व तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. घरोघरी या शस्त्रक्रियेचे नाव पोचले ते तेव्हापासून. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि मध्यम स्थितीतल्या कुटुंबांनाही ती काहीशी आवाक्यात आली.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी अक्का तयारच नव्हती. "एका पायाचे वाटोळे झाले, दुसराही घालवू का?" असे ती म्हणे. अखेर ज्या रुग्णालयात आम्ही गेलो तेथे एक अट होती : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने व त्याची देखभाल करणाऱ्या एका माणसाने शनिवारच्या वर्गास बसलेच पाहिजे. साठीपलीकडचे आठदहा विद्यार्थी, प्रत्येकाजवळ एक मुलगा, सून वा नवरा, आणि शिकवणारी एक तिशीतली फिजिओथेरपिस्ट. आम्ही शिक्षकी पेशातले असल्यामुळे मागच्या बाकावर बसूनही आमची नजर परीक्षकाचीच होती, हे कबूल केले पाहिजे.

बाईंनी प्लॅस्टिकचा गुडघा हातोहात फिरवला. घोट्यापासून पाऊल वरखाली करण्याचा व्यायाम दाखवला, ज्याने पोटरीतील रक्त वाहते राहून गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघा पलंगावर दाबून मांडी आवळणे व पाय सरळ ठेवून उचलणे प्रत्येकाकडून करवून घेतले. वॉकर धरून चालवले. जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा, हे तीन पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावर गिरवून घेतले. पण आम्हांस खरे कौतुक वाटले ते पुढच्या गोष्टीचे. "समजलं का?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, हा प्रश्न विचारला की सगळा वर्ग "हो" म्हणतो आणि कोणासच काही समजलेले नसते. त्या प्रत्येकास म्हणत, "अब आप मुझे सिखाइए." अक्काची पाळी आली तेव्हा तिने उशीची गोष्ट सांगितली, आपल्या उजव्या पायावर बोट ठेवून. वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवशी तिच्या सांगण्याने जो धडा बसला तो कोणत्याही तक्त्याने बसला नसता.

वेदनेविषयीही त्या मोकळेपणाने बोलल्या. पहिले दोन-तीन आठवडे दुखेल, चांगलेच दुखेल. गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, दुखणे शिगेला पोचल्यावर नव्हे. शून्य ते दहा या मापाने वेदना सांगायची असते हेही शिकवले. येथे अक्का अडखळली. आमची पिढ्यान् पिढ्या माळव्यात गेली, बाजारात व कचेरीत आम्ही हिंदीच बोलतो, पण दुखणे मात्र मराठीतच दुखते. कळ वेगळी, ठणका वेगळा. चमक, रग, ओढ, ठसठस, आग, मुंग्या, यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरास काही निराळे सांगणारा आहे, आणि या सगळ्यांचे 'दर्द, सहा' एवढेच झाले की अर्धी हकीकत हरवते. त्या रात्री आम्ही बसून सूचनांच्या हिंदी पत्रकाचे मराठी केले आणि त्याखाली वेदनेचे हे शब्द व त्यांचे हिंदीत अर्थ लिहिले. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी अक्का परिचारिकेस म्हणाली की ठणका कमी आहे, पण पोटरीत ओढ आहे. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावले. सुदैवाने गुठळी नव्हती. पण पोटरी सुजून दुखू लागणे, एकाएकी धाप लागणे, जखमेतून पाणी येणे किंवा ताप चढणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट पाहावयाची नसते, हे त्या पत्रकात ठळक अक्षरांत होते.

आगाऊ समजावून सांगण्याचा असा काही गुण असतो काय, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्यांना कोठे व किती दुखेल, कूस कशी बदलावी, अंग कसे सैल सोडावे हे आदल्या रात्री बसून सांगितले, त्यांना वेदनाशामक औषध निम्म्याच्या आसपासच लागले व ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. पुढे डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० नंतर लवकर बरे होण्याची जी पद्धती रूढ केली तीतही रुग्णाची पूर्वतयारी आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१४ साली कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी १८ चाचण्यांतील १,४६३ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा नेहमीच्या उपचारांहून अशा शिक्षणाने वेदना वा हालचाल यांत निश्चित फरक पडतो असे त्यांना दिसले नाही. चिंताग्रस्त किंवा भलत्या अपेक्षा बाळगणाऱ्या रुग्णांना मात्र ते उपयोगी पडू शकेल, असे त्यांनी म्हटले. आम्हांस यात विसंगती वाटत नाही. तेथील 'नेहमीच्या उपचारां'त काही सांगणे-सवरणे बहुधा असतेच. आमच्या २०१६ च्या अनुभवात ते शून्य होते. शून्य आणि थोडे यांतील अंतर थोडे आणि पुष्कळ यांतील अंतराहून मोठे असते.

भलत्या अपेक्षांचा विषय निघाला म्हणून सांगतो. अक्काच्या घरी देवघर जमिनीलगत आहे आणि पन्नास वर्षे तिने पाटावर मांडी घालून पूजा केली. पहिल्या शस्त्रक्रियेस ती राजी झाली ती मुळी पुन्हा मांडी घालता येईल या आशेने. तसे काही नाही, हे तिला नंतर कळले व त्या दुःखाने ती महिनाभर देवघरात गेली नाही. दुसऱ्या वेळी बाईंनी वर्गातच स्पष्ट सांगितले की गुडघा १२० अंशांपर्यंत वाकला तर उत्तम समजावे, मांडी घालणे व उकिडवे बसणे बहुतेकांनी सोडून द्यावे, पाचांतील एखादा रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण समाधानी नसतो, आणि सांधा चांगला बसला तर बहुतेकांचा पंचवीस वर्षे टिकतो. अक्का ऐकून घरी आली, खूप रडली. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून तिने देव कंबरेइतक्या उंचीच्या ओट्यावर नेले. हे रडणे शस्त्रक्रियेच्या आधी होऊन गेले याचे मोल आम्ही फार मानतो.

बाकीची तयारी घरातील सुनांनी पंधरा दिवसांत केली. पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या, न्हाणीघरात धरायला दांडा व बसायला उंच स्टूल आले, कमोड बसवला, हाताच्या दोन खुर्च्या आणल्या, खालच्या फळीवरचे डबे वर आले. आमच्या जुन्या घरांतील उंबरे तर वॉकरचे वैरीच. दोहोंवर फळकुटाचा उतार केला. अक्काने दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडकी दाढ काढून घेतली, कारण तोंडातला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. रक्तातील साखर आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी तारीख दिली नाही. मशेरी सोडणे तिला सर्वांत जड गेले, पण तंबाखूने जखम भरण्यास विलंब लागतो म्हणून तेही केले. गौरी-गणपतीच्या तोंडावर शस्त्रक्रिया करावयाची नाही, हा तिचा हट्ट मात्र सर्वांनी मानला, आणि तो योग्यच होता. पाहुण्यांनी भरलेल्या घरात वॉकरला वाट कोण देणार?

डावा पाय दहाव्या दिवशी पूर्ण सरळ झाला व नव्वद अंशांपर्यंत वाकला. तीन महिन्यांनी अक्का राजवाड्यापर्यंत पायी जाऊन आली. आता महिन्यातून एका शनिवारी ती त्या वर्गाला जाते. बाईंच्या प्लॅस्टिकच्या गुडघ्याशेजारी खुर्चीवर बसते, आमचे मराठी पत्रक आपल्या मंडळींना वाटते आणि दोन्ही पाय पुढे पसरून, कोणता कोणत्या वेळचा ते नव्या रुग्णांना ओळखायला लावते. घरी तिच्या पलंगावर ती जुनी उशी अजून आहे. ती आता टाचेखाली असते.