बाई, मोलकरीण आणि मोल

गेल्या महिन्यातील गोष्ट. वर्गात यमन चालला होता. दमसास कसा असावा हे सांगता सांगता मी म्हणालो, "घरी जाऊन केसरबाईंची ध्वनिमुद्रिका ऐका." तोच एक मुलगी खुदकन हसली. मुलगी आपल्याच जुन्या मराठी घराण्यातली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सर, एवढ्या मोठ्या गायिकेला बाई काय म्हणता?" तिच्या घरी 'बाई' म्हणजे सकाळी भांडी घासावयास येते ती! तिच्या शेजारीच दुसरी एक विद्यार्थिनी बसली होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने मान खाली घातली आणि तंबोऱ्याच्या जुळलेल्या तारा ती उगीचच पुन्हा जुळवू लागली. त्या दिवशी पुढचा यमन काही माझ्याकडून नीट शिकवून झाला नाही.

ज्या इंदुरात अहिल्याबाईंचे नाव घेतल्याखेरीज दिवस मावळत नाही, तेथे 'बाई' या शब्दाला हसू यावे, याचे नवल वाटते. मराठीत बाई हा मानाचा शब्द. राणीच्या नावापुढे तो, शाळेतल्या शिक्षिकेला तो, आणि हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातही तोच. उत्तरेकडे मात्र 'बाईजी' म्हणजे कोठ्यावरची गाणारी, असा अर्थ रूढ झाला. म्हणून तिकडच्या पुष्कळ गायिकांनी बाई टाकून देवी किंवा बेगम जवळ केले. अख्तरीबाई फैजाबादी 1945 मध्ये विवाह झाल्यावर पुढे बेगम अख्तर झाल्या. आपण मराठी माणसे या दोन प्रवाहांच्या संगमावर राहतो. बाजारातली हिंदी बोलता बोलता तिकडचा अर्थ आपल्या माजघरात केव्हा शिरला, हे आपल्यालाही कळले नाही.

घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत आणखीही शब्द आहेत, आणि त्यांचा इतिहास सुखाचा नाही. पेशवाईच्या कागदपत्रांतून 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द येतात. त्यांचा अर्थ नोकर नव्हे, विकत घेतलेली दासी. कुणबीण म्हणजे एरवी कुणब्याची बायको. पण मोल्सवर्थच्या कोशात त्याच शब्दाला गुलाम स्त्री असाही अर्थ दिलेला आढळतो. कंपनी सरकारने 1843 च्या कायद्याने आपल्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. माणसाची खरेदी थांबली, तरी 'बटकी' ही शिवी मात्र तोंडात राहिली.

त्या मानाने 'मोलकरीण' हा शब्द किती स्वच्छ! मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. बटकीचे मोल तिच्या धन्याने दुसऱ्या धन्याला दिलेले असे. मोलकरणीच्या कामाचे मोल तिच्या स्वतःच्या हाती पडते. दोन शब्दांतले अंतर एवढेच, पण ते फार मोठे आहे. 1980 मध्ये पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या नावात त्यांनी 'मोलकरीण' हाच शब्द घातला. त्यांना त्याची लाज वाटली नाही. पुढे महाराष्ट्रात 2008 साली त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याच्या नावात 'घरेलू कामगार' आले. मराठी कायद्याने हिंदी शब्द उसना घेतला, हीही एक गंमतच.

कोणी म्हणतील, "आमच्याकडे हे काही नाही, आम्ही तिला मावशी म्हणतो." आमच्या घरीही मावशीच म्हणत असत. शब्दात माया आहे, हे खरेच. परंतु वाचकहो, थोडा विचार करावा. सख्खी मावशी आपल्या घरी आली तर तिच्यासाठी निराळा कप ठेवतो काय? दिवाळीच्या तोंडावर चार दिवसांचे जास्तीचे काम मावशी म्हणून करून घ्यावयाचे, आणि ती आजारी पडून दोन दिवस आली नाही की मोलकरीण म्हणून पैसे कापावयाचे, हा कोणता न्याय? नाते सांगावयाचे तर ते दोन्ही वेळा सांगावे. ते जमत नसेल तर मोल तरी चोख द्यावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एवढेच सांगितले की, 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यान अवकाशात सोडले. पृथ्वीवरचे निवडक आवाज घेऊन जी तबकडी त्यात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. म्हणजे बाईचा सूर ताऱ्यांकडे निघाला आहे, आणि आपण येथे त्या शब्दाला हसतो आहोत.

हसलेली मुलगी ओशाळली. जाताना तिने विचारले, "मग सर, आमच्याकडे येतात त्यांना काय म्हणू?" मी म्हटले, "आधी त्यांचे नाव विचार. मग त्याला बाई जोड, हिराबाईंच्या नावाला जोडतो तसेच." आठ दिवसांनी ती सांगत आली, की सात वर्षे घरी येणाऱ्या त्या बाईंचे नाव तिच्या आईलाही ठाऊक नव्हते.