ऐपतीचा अदमास

जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील तुमकूर येथे एक शेतकरी आपल्या मित्रांसह मालवाहू बोलेरो पाहावयास महिंद्रच्या शोरूममध्ये गेला असता, खिशात दहा रुपये तरी आहेत काय, अशा अर्थाचे शब्द काढून तेथील विक्रेत्याने त्याची अवहेलना केली, आणि तोच शेतकरी थोड्या अवधीत दहा लाखांची रोकड घेऊन त्याच दारात पुन्हा उभा राहिला, ही हकीकत त्या वेळी देशभर गाजली. प्रकरण पोलिसांपर्यंत पोचले, कंपनीकडून दिलगिरी व्यक्त झाली, उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी व्यक्तिप्रतिष्ठेविषयी जाहीर निवेदन केले आणि अखेर गाडी शेतकऱ्याच्या घरी गेली. (दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होतो, असा कायदा १ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे, तेव्हा त्या नाट्यमय रोकडीचे शोरूमने नेमके करायचे काय, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात कोणी विचारला नाही.) यवतमाळ जिल्ह्याच्या वाचकाला ही वार्ता परमुलखातली वाटण्याचे कारण नव्हते. त्याच महिन्यात विदर्भाच्या बाजारांत कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, मध्यम धाग्याचा हमीभाव मात्र त्या हंगामात ५,७२६ रुपये होता, आणि ज्या घरांत गाडीचा विषय पोळ्यापासून दसऱ्यावर, दसऱ्यापासून पाडव्यावर ढकलला जात होता, तेथील कर्ती माणसे बाजाराच्याच कपड्यांनिशी शोरूमच्या काचेचे दार ढकलू लागली होती.

विक्रेत्याला उद्दाम ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु काचेच्या आतल्या बाजूने पाहिले तर प्रकरण इतके सरळ राहत नाही. टाय बांधून उभा असलेला तो पोरगा बहुधा स्वतःच कोणत्यातरी खेड्यातून आलेला असतो. त्याचा ठरीव पगार तुटपुंजा, खरी मिळकत गाडीमागे मिळणाऱ्या इन्सेन्टिव्हची, आणि महिन्याचे टार्गेट डोक्यावर टांगलेले. दारातून येणाऱ्या प्रत्येक चौकशीची ‘हॉट’, ‘वॉर्म’ किंवा ‘कोल्ड’ अशी वर्गवारी त्याला संध्याकाळपर्यंत दफ्तरी नोंदवावी लागते, आणि कोल्ड माणसाला टेस्ट ड्राइव्ह देण्यात पेट्रोल का जाळले, याचा जाबही कधीकधी द्यावा लागतो. त्याच्यापाशी भांडवल एकच, ते म्हणजे वेळ. आणि समोरच्याची खरी ऐपत जाणून घेण्यास वेळच लागतो. अशा स्थितीत मनुष्य अदमासाचा आश्रय घेतो. पुढे २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ एडमंड फेल्प्स यांनी १९७२ मध्ये या वृत्तीची मीमांसा केली. व्यक्तीची पारख करणे खर्चिक असेल, तर पारखणारा त्या व्यक्तीवर तिच्या समूहाची सरासरी लादतो, आणि त्यासाठी मनात द्वेष असण्याचीही आवश्यकता नसते. काटकसरीतून जन्मलेला अपमान द्वेषातून जन्मलेल्या अपमानापेक्षा सौम्य असतो असे मात्र कोणी समजू नये. तो अधिक वारंवार घडतो, इतकेच.

हा सरासरीचा हिशेब मुंबई-पुण्यात बऱ्याच अंशी जुळतही असेल, कारण तेथील संपत्ती महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होते आणि मनगटावर, पायांत, हातातल्या फोनवर तिचे प्रतिबिंब पडते. यवतमाळची संपत्ती ऋतूची आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कापसाची वेचणी त्यानंतर कित्येक आठवडे चालते, आणि उरलेले वर्ष सधन शेतकऱ्याच्या हातीही रोकड बेताचीच असते. शिवाय तो शोरूममध्ये येतो तो मुद्दाम नटून नव्हे. कृषी केंद्रातून औषध घ्यावे, पंपाचा बिघडलेला भाग दुरुस्त करून घ्यावा, आणि आलोच आहोत तर गाडीही पाहून जावी, असा त्याचा बेत असतो, त्यामुळे काळ्या मातीचे पट्टे पायजम्यावर घेऊनच तो त्या चकचकीत फरशीवर पाऊल ठेवतो. त्याची ऐपत सातबाऱ्यावर असते, अंगावर नसते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे आयकराचे विवरणपत्रही त्याच्यापाशी क्वचितच असते, म्हणजे फायनान्सवाल्याच्या टेबलावरही तो पुन्हा एकदा संशयित ठरतो. आणि पीक चांगले आले तरी ते मिरवायचे नाही, ही सावधगिरी येथे पिढ्यांनी मुरवलेली आहे. पुढचा पावसाळा काय करील याची शाश्वती नसलेला मनुष्य आपली बरकत गावापासूनही झाकतो.

त्यात जिल्ह्याच्या नावाचाच एक दुर्लौकिक आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जे मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते, आणि तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, यवतमाळचा शेतकरी म्हणजे कर्जबाजारी शेतकरी असे समीकरण वृत्तपत्रांनी देशाच्या मनावर कोरले. त्या दुःखाचे सत्यत्व कोणी नाकारणार नाही. परंतु त्या चित्राची झळ जिल्ह्यातल्याच विक्रेत्याच्या नजरेलाही लागते. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या शेताचा मालक, वणीच्या कोळसा खाणींसाठी संपादित जमिनीचा मोबदला घेतलेला खातेदार आणि कोरडवाहू चार एकरांत दरवर्षी तोटा सोसणारा शेतकरी, हे तिघे एकाच धाटणीची टोपी आणि एकाच धाटणीचा दुपट्टा घालून आत येतात, आणि सरासरी लावणारा त्या तिघांना एकाच रकान्यात टाकतो.

वस्त्रावरून माणूस तोलण्याची खोड मोटारीबरोबर आली असे मानणे मात्र इतिहासाला सोडून होईल. पगडीच्या घाटावरून जात, हुद्दा आणि मुलूख ओळखणारा आपला समाज. दरबारात कोणी कोठे बसावे याचा निर्णय पुष्कळदा पगडीच करी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज चिंध्यांची गोधडी पांघरून आणि डोक्यावर खापर घालून हिंडत. आणि याच माणसाच्या शब्दावर लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लक्षावधींचा विश्वस्त असलेला हा पुरुष आज एखाद्या शोरूमच्या दारात उभा राहिला, तर पहारेकरीच त्याला बाहेरच्या बाकाचा रस्ता दाखवील. अलवरच्या महाराजांनी लंडनच्या पेढीत झालेल्या अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्यांना कचरा वाहायला लावले, ही कथाही याच गोत्राची. तिला पुरावा कोठे आढळत नाही, पण ती मरतही नाही, यावरून असा सूड ऐकण्याची जनतेची भूक केवढी असावी ते दिसते.

मुरलेला विक्रेता कपड्यांकडे पाहतच नाही असे नव्हे, पण तो तेथे थांबत नाही. “बसा न जी काकाजी, कोणतं गाव तुमचं?” हा त्याचा पहिला प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो आणि चौकशीचा असतो, कारण गावाच्या नावात कालवा आहे की नाही, खाण आहे की नाही, रस्त्याला जमीन गेली की नाही, हे सारे त्याला ऐकू येते. बरोबर कोण आले आहे याकडे त्याचे दुसरे लक्ष. मुलगा सनरूफ आणि पडद्याचा आकार विचारतो, बाप ॲव्हरेज आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर विचारतो, आणि घेणारा बहुधा अंतर विचारणारा असतो. इस्त्रीची घडी न मोडलेला, किल्ली बोटाभोवती फिरवणारा तरुण मात्र तीन कोटेशन घेऊन जातो आणि सिबिलच्या आकड्यापाशी अडकतो, हा अनुभवही या पेशात दुर्मिळ नाही.

परंतु दारातला अवमान हा या व्यवहाराचा केवळ दिसणारा भाग. न दिसणारा भाग किमतीत असतो. अमेरिकेत इयान एरेस आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी शिकागोच्या मोटारपेढ्यांत तीनशेहून अधिक वेळा जोडीजोडीने तोतया गिऱ्हाइके पाठवली. पोशाख, बोलणे, घासाघीस सारे आधी घोटून एकसारखे केलेले, भेद केवळ वर्णाचा आणि लिंगाचा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितला गेला आणि काळ्यांना व स्त्रियांना अधिक. ज्याची ऐपत कमी मानली त्याच्याकडूनच जादा मागणी का व्हावी, या कोड्याचे एक उत्तर असे संभवते की पेढीवाला तेथे ऐपत नव्हे, तर माहिती आणि हिंडण्याची शक्ती तोलत असतो. चार ठिकाणी भाव विचारून येणार नाही असे ज्याच्याविषयी वाटते, त्याला सवलत देण्याची त्याला निकड भासत नाही.

आपल्याकडे एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, म्हणून हा भेद होत नाही असे वाटते. तो विमा, ॲक्सेसरीज, जुन्या गाडीचे एक्सचेंज मूल्य आणि कर्जाचा दर या चार खिडक्यांतून आत येतो. विमा त्याच शोरूमकडून घेण्याची सक्ती नाही, हे झरी-जामणीहून आलेल्या ग्राहकाला कोणी आपण होऊन सांगत नाही. आणि चहा पाजून, काकाजी काकाजी म्हणून, सौजन्याच्या भरात त्याच्या बिलात सीटकव्हरांपासून कोटिंगपर्यंत काय काय चढले, हे त्याला गावी गेल्यावर पुतण्या वाचून दाखवतो. तुमकूरच्या उद्धट पोराने निदान आपले मत तोंडावर सांगितले.

आणि स्त्रियांविषयी शिकागोने जे दाखवले, त्याचे वऱ्हाडी रूप कोणत्याही शनिवारी पाहावयास मिळते. जिल्हा परिषदेची शिक्षिका, तिची वेतनचिठ्ठी हाच कर्जाचा आधार, नोंदणीही तिच्याच नावे होणार, तरी इंजिन, मायलेज आणि डाउन पेमेंट यांविषयीचे सारे निरूपण तिच्या यजमानांना उद्देशून चालते, आणि तिच्याकडे वळून विक्रेता अदबीने विचारतो, “ताई, रंग कोणता पसंत आहे?” तिने व्याजाचा दर विचारला, तर उत्तर यजमानांकडे पाहून दिले जाते.