मेंदूचा मार आणि मूलपेशींचे उपचार

डोक्याला जोराचा मार बसला की मेंदूचे नुकसान दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी काही चेतापेशी मरतात, त्यांचे तंतू तुटतात, रक्तस्राव होतो. त्यानंतरचे काही तास आणि दिवस सूज वाढत जाते, दाह पसरतो आणि पहिल्या मारातून बचावलेल्या पेशीही दगावतात. शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागातील उपचारांचा सारा रोख हे दुसरे नुकसान रोखण्यावर असतो. मेलेल्या चेतापेशी मात्र त्वचेसारख्या भरून येत नाहीत. म्हणूनच वर्ष उलटले तरी कुणाचा हात लुळा राहतो, तर कुणाची वाचा अडखळते.

मूलपेशींकडे, म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींकडे, वैद्यक वळले ते याच मर्यादेमुळे. या पेशी मेंदूत जाऊन नव्या चेतापेशी होतात, असा समज सर्वत्र आहे. पण आजवर ज्या पेशी रुग्णांवर जास्त वापरल्या गेल्या, त्या हाडांतल्या मगजातून घेतलेल्या असतात आणि त्या तसे काही करत नाहीत. मेंदूत त्या फार काळ टिकतही नाहीत. असतील तेवढे दिवस त्या दाह कमी करणारी आणि पेशींच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये स्रवतात, आणि दुरुस्ती होते ती रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूकडून.

अमेरिकेत ह्यूस्टन येथे गंभीर मार लागलेल्या 10 मुलांना त्यांच्याच मगजातल्या पेशी आघातानंतर 48 तासांच्या आत शिरेवाटे देण्यात आल्या. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने ही पद्धत सुरक्षितपणे वापरता येते एवढे दाखवले. इतक्या लहान अभ्यासातून गुणाविषयी निष्कर्ष काढणे शक्यच नव्हते.

जुन्या दुखापतीवरचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग सॅनबायो या जपानी कंपनीचा. निरोगी दात्याच्या मगजातल्या पेशींवर प्रक्रिया करून त्या कवटीला छोटे छिद्र पाडून थेट जखमेच्या कडेला सोडण्यात आल्या. एकूण 61 रुग्णांपैकी 46 जणांना पेशी मिळाल्या. उरलेल्या 15 जणांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा करण्यात आला. उपचार झाला या भावनेनेही माणसाला बरे वाटते, म्हणून अशी तुलना अटळ असते. 24 आठवड्यांनी हालचालींच्या मोजपट्टीवर पेशी मिळालेल्यांचे गुण सरासरी 8.3 ने वाढले, इतरांचे 2.3 ने. 48 आठवड्यांनी मात्र दोन गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पक्षाघाताच्या जुन्या रुग्णांवर याच पेशींचा प्रयोग 2019 मध्ये अपयशी ठरला होता. तरीही जुलै 2024 मध्ये जपानने मेंदूच्या दुखापतीवरील या उपचाराला सशर्त, मुदतीची मान्यता दिली. तिथल्या कायद्यानुसार अशा मान्यतेनंतरही परिणामकारकतेचा पुरावा गोळा करत राहावे लागते. म्हणजे ही मान्यता उपचार सिद्ध झाल्याची पावती नव्हे.

धोकेही खरे आहेत. मॉस्कोत गर्भातील चेतामूलपेशी टोचलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत पुढे दात्याच्या पेशींपासून गाठी झाल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आजार वेगळा होता, पण धडा सर्वांना लागू आहे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि झटके यांचीही भीती असते.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे मगजरोपण आणि तत्सम मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर रीतसर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हावा, असे ती सांगतात. तरीही हा उपचार विकणारे आहेत, आणि घरातला तरुण मुलगा अंथरुणाला खिळलेला असताना आईवडील दागिने मोडायलाही तयार होतात. त्यांच्या हतबलतेवर धंदा करणे अक्षम्य आहे.

कुणी असा उपचार सुचवला तर कुटुंबाने आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मागावी. चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. ते मागितले जात असतील तर तिथून परत फिरावे. फिजिओथेरपी, वाचोपचार आणि नियमित पुनर्वसन यांत मात्र कोणत्याही आशेपायी खंड पडू देऊ नये.