पोरीला पिस्तूल घ्यायचंय, पण कुठलं?



मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठीही नाही. ताई म्हणाल्या, "पोरीला पिस्तूल घ्यायचंय, दीड लाख पाहिजेत." जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, पोलिसात जायचीय का ती?"

पोरगी नववीत आहे. नेमबाजी शिकायला आठवड्यातून तीनदा एसटीनं बारामतीला जाते. सोबतच्या एका मुलीकडं स्वतःचं पिस्तूल आहे, म्हणून हिलाही हवंय. गटात बारा जणी, पैसा सगळ्यांच्या घामाचा. मी तेव्हा एवढंच म्हटलं की मला एक महिना द्या, मी चौकशी करते. दोन प्रशिक्षकांना भेटले, स्पर्धेचे नियम वाचले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते, कारण ही मागणी उद्या तुमच्याही गटात येईल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक आणलं, तेव्हापासून गावोगावच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलंय. पण स्वप्निल रायफलवाला. रायफल खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी धरतात. पिस्तूल एकाच हातात, हात सरळ लांब करून. दुसरा हात वापरायचाच नाही. पिस्तुलातलं आपलं नाव म्हणजे कोल्हापूरचीच राही सरनोबत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाली, पुन्हा नेम धरावा लागला, आणि राहीनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

तर पहिली गोष्ट. पिस्तूल कुठलं हे आपण ठरवत नाही, स्पर्धेचा प्रकार ठरवतो. बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे दोनच वैयक्तिक प्रकार आहेत. एक १० मीटर एअर पिस्तूल, दुसरा २५ मीटर पिस्तूल. प्रकार ठरला की गोळीचं माप, म्हणजे कॅलिबर, आपोआप ठरतं. १० मीटरला ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, दाबलेल्या हवेवर उडणारा. २५ मीटरला पॉइंट टू टू, म्हणजे इंचाच्या शंभरातले बावीस भाग, साधारण ५.६ मिलिमीटरची दारूची गोळी. तिथं "मी जरा मोठं घेते" असं चालत नाही.

आमच्या गटातही हाच गैरसमज होता, की मोठी गोळी म्हणजे जास्त मार्क. तसं नाही. १० मीटरवरच्या कागदावर मधला दहा गुणांचा गोल फक्त साडेअकरा मिलिमीटरचा असतो. कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढा. दहा मीटरवरून, एका हातानं, ७५ मिनिटांत साठ वेळा तिथं नेम धरायचा. २५ मीटरच्या स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. दुसऱ्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, आणि दर वेळी हात खालून वर आणायचा. तिथं गोळीचा धक्का बसलेला हात लगेच सावरावा लागतो. म्हणून सगळे प्रशिक्षक सांगतात, आधी हवेचं. त्यात धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळं नेम चुकला की चूक हाताचीच, हे पोरीला लगेच कळतं.

मोबाइलवर पोरी पळत पळत गोळ्या झाडायच्या परदेशी स्पर्धाही बघतात. तो खेळ वेगळा. त्यात पिस्तुलाच्या बनावटीवरून गट पडतात, आणि तिथं खरंच काही गटांत जास्त जोराच्या गोळीला कडेच्या नेमाचे जास्त गुण मिळतात. मोठ्या गोळीचा समज तिथून येतो. पण त्यातलं नेहमीचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्या देशात प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य माणसाला मिळत नाही. त्या वाटेला जाऊच नका.

कायद्याचं थोडं. ४.५ मिलिमीटरच्या, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी जोराच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. खरेदीला ओळखपत्र आणि पावती मात्र लागतेच. पॉइंट टू टू हे खरं शस्त्र. त्याला परवाना, आणि स्वतःच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे नववीतल्या पोरीसाठी ते विकत घ्यायचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता हाताचं बघू. खुरप्याची मूठ हातात नीट बसली नाही तर दोन सऱ्यांतच फोड येतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं. पिस्तुलाची मूठ लाकडी असते. लहान, मध्यम, मोठी, शिवाय डाव्या हाताची वेगळी आणि उजव्याची वेगळी. विकत घेतल्यावरही ती कानस मारून, कुठं लांबी भरून त्या एका हातासाठी घडवतात. दुसऱ्याचं पिस्तूल स्वस्तात मिळालं तरी मूठ दुसऱ्याचीच असते.

डोळाही तपासा. दोन्ही हातांच्या बोटांनी छोटा झरोका करा, त्यातून समोरचं कॅलेंडर बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं कॅलेंडर झरोक्यातच राहतं, तो जोरकस डोळा. हात आणि डोळा एकाच बाजूचे असतील तर सोपं जातं. नसतील तर प्रशिक्षकांना आधी सांगा, मग मूठ निवडा.

वजनाचंही सांगते. एअर पिस्तूल दीड किलोपेक्षा जड चालत नाही, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरून बघा. मी बैठकीतच धरली, अर्ध्या मिनिटात हात थरथरायला लागला आणि सगळ्या हसल्या. चाप, म्हणजे ट्रिगर, किमान अर्धा किलोच्या ओढीचा हवा. स्पर्धेआधी पंच अर्ध्या किलोचं वजन चापाला टांगून बघतात. त्यात सुटला तर पिस्तूल बाद.

सगळ्यात महाग शिकवण एका दुसऱ्या घरानं घेतली, त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळखीतून जुनं एअर पिस्तूल स्वस्तात घेतलं. घरी आणल्यावर कळलं की मूठ डावखुऱ्याची, आणि हवेच्या सिलिंडरची मुदत संपलेली. त्या नळीत दोनशे बारच्या आसपास दाब असतो, ट्रॅक्टरच्या टायरच्या कितीतरी पट. म्हणून तिच्यावर तारीख कोरलेली असते आणि साधारण दहा वर्षांनी ती बदलावीच लागते. मुदत संपलेली नळी घेऊन स्पर्धेला उभं राहता येत नाही. ते पिस्तूल अजून कपाटात आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत. जुनं घेणार असाल तर आधी नळीवरची तारीख वाचा, मग भाव करा.

नवं घेतलं म्हणून काळजी मिटते असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा लीव्हर ऐन फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. पुढं पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं आणली, ही गोष्ट वेगळी. पण सुटे भाग आणि दुरुस्ती कुठं मिळते, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा. आपल्याकडून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

छर्ऱ्यांचा हिशेब बैठकीत फळ्यावरच मांडला. दिवसाला साठ छर्रे, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे दीड हजार. पाचशेची एक डबी, महिन्याला तीन डब्या. त्यात रेंजची फी आणि एसटीचं भाडं. पिस्तूल एकदा घ्यायचं, पण हे दर महिन्याला. ताईंनी हा आकडा धरलाच नव्हता.

शेवटी ठराव असा झाला. दीड लाख नाही. एक वर्ष पोरगी रेंजचंच पिस्तूल वापरेल. छर्रे, फी आणि भाड्यासाठी पंधरा हजारांचं कर्ज मंजूर. वर्षभरात शालेय जिल्हा स्पर्धेत ती किती गुण काढते ते कागदावर बघायचं, मग पिस्तुलाचा विषय पुन्हा बैठकीत घ्यायचा. ताई थोड्या हिरमुसल्या. मग त्यांनी विचारलं, "व्याज शेळीच्या कर्जाएवढंच ना?"

तेवढंच. शेकडा एक रुपया. पहिला हप्ता पुढच्या पाच तारखेला.