राक्षसाला वाघाचं तोंड कुणी दिलं?

खुर्चीत ऐसपैस बसलेला देह, अंगात घरात घालायचा उंची झगा, ओढायला पाइप आणि मानेवर वाघाचं डोकं. चित्र काळ्या शाईतलं, छोटंसं. शेजारच्या मजकुराचं शीर्षक आहे ‘राक्षस’. १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकातलं हे चित्र. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात लागणाऱ्या प्राण्यांची, भुताखेतांची ही सचित्र सूची.

दशावतारात किंवा कीर्तनाच्या आख्यानात भेटणारा आपला राक्षस असा नसतो. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी तो रामायणातून उचललेलाच नव्हता. ‘कोल्चक: द नाइट स्टॉकर’ नावाची एक भयमालिका १९७४मध्ये अमेरिकी टीव्हीवर सुरू झाली. तिच्या एका भागात माणसाला त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या रूपात भेटून मारणारा राक्षस होता आणि तो फक्त मंत्रून दिलेल्या बाणानेच मरत असे. गायगॅक्स यांनी हे दोन्ही गुण खेळात आणले. पण वाघाचं तोंड, तो झगा, तो पाइप आणि चेहऱ्यावरची ती निवांत मग्रुरी रूढ झाली ती या चित्रामुळे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणि संगणकावरच्या खेळांमध्ये जो राक्षस दिसतो, तो याच चित्राचा वंशज आहे.

चित्र काढणाऱ्याचं नाव डेव्हिड ट्रॅम्पियर. पुस्तकात या चित्राखाली ते छापलेलं नाही. आतल्या पानावर चित्रकारांची नावं एकत्र दिली आहेत, कोणतं चित्र कुणाचं ते मात्र वाचणाऱ्याने शोधायचं.

या शोधाला मी छंदाचा खटाटोप मानत नाही. कारण असे खेळ शब्दांवर चालतात. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात आणि फाशांवर निकाल लागतो. पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. सगळं डोळ्यांपुढे उभं राहायला लागतं. ते उभं करायला मजकुरात कधी चार ओळी असायच्या, कधी नुसते आकडे. उरलेली जागा चित्रकार भरायचा. म्हणजे अर्धी निर्मिती त्याची. ती कुणाची हे ठाऊक नसेल, तर या खेळाचा इतिहास अर्धाच लिहिला गेला असं मी म्हणेन.

सुरुवात अगदी साधी होती. जानेवारी १९७४मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाजारात आला. प्रकाशक होती गायगॅक्स यांनी मित्राबरोबर काढलेली ‘टीएसआर’ ही कंपनी. लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवलेली पेटी, आत तीन पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या सगळ्या मिळून हजार प्रती. चित्रांना पैसे जवळपास नव्हतेच. एका चित्रामागे दोन-तीन डॉलर दिले गेले. त्यामुळे चित्रकार ओळखीपाळखीतलेच होते. त्यातला सर्वांत जास्त काम करणारा ग्रेग बेल हा एक हौशी तरुण होता.

पहिल्या पेटीवर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरचा एक योद्धा आहे. पुष्कळ वर्षं हे चित्र बेलचं म्हणूनच पाहिलं गेलं. पुढे कुणीतरी ते मार्व्हलच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकच्या एप्रिल १९६८च्या, १६७व्या अंकाशेजारी ठेवलं. घोड्याचा पवित्रा तोच होता आणि स्वाराची ठेवणही तीच. बेलची आणखीही काही चित्रं त्याच अंकातल्या चौकटींशी जुळली. त्या अंकात दोन गोष्टी होत्या. निक फ्युरीची गोष्ट जिम स्टेरँको यांनी काढलेली, डॉक्टर स्ट्रेंजची डॅन अ‍ॅडकिन्स यांनी. म्हणजे कोट्यवधी लोकांनी खेळलेल्या या खेळाच्या पहिल्यावहिल्या मुखपृष्ठामागे एक अख्खं कॉमिक उभं होतं. खेळांचे इतिहासकार जॉन पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोड्या शेजारीशेजारी छापून दाखवल्या आहेत.

या शोधाकडे चोरी पकडल्यासारखं पाहिलं जातं, ते मला पटत नाही. तुटपुंज्या मोबदल्यात, हाताशी असेल ते कॉमिक समोर ठेवून, ओळखीतल्या माणसाच्या पुस्तिकेसाठी चित्र काढणाऱ्या पोराला आपण इतिहासात जाऊ याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. महत्त्वाचं हे, की स्टेरँको आणि अ‍ॅडकिन्स यांचं ऋण आता कागदावर आलं. आणि बेलने स्वतः रचलेलं काय, हेही त्यामुळेच वेगळं काढता येतं. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक मोठा डोळा आणि डोक्यावर देठांवर लहान डोळे असलेला गोळा तरंगतोय. हा ‘बिहोल्डर’. कल्पना टेरी कुंट्झ यांची, पण तो वाचकांना पहिल्यांदा दिसला बेलच्या हातून. आज या खेळाची ओळखच असलेल्या प्राण्यांमध्ये तो आहे.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण अर्थात सही. ट्रॅम्पियर आपल्या नावाची तीन आद्याक्षरं, डीएटी, चित्राच्या कोपऱ्यात टाकायचे. डेव्हिड सदर्लंड तिसरे यांची डीसीएस. पण चित्रं स्तंभात बसवताना कडा कापल्या जात आणि सही बरेचदा त्या कडेबरोबर जाई. काही चित्रांवर ती मुळातच नसे. तिथे हात ओळखावा लागतो.

ट्रॅम्पियर यांचा हात काळ्याचा. ते काळ्या शाईचे सलग, मोठे ठोकळे टाकतात आणि त्यातून पांढरं कोरून काढल्यासारखं उजळ ठेवतात. लाकडी ठशाच्या छपाईची आठवण व्हावी असं. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यांचं ‘एमिरिकॉल द केऑटिक’ हे पानभर चित्र आहे. एका अरुंद, फरसबंदी गल्लीतून एक जादूगार घोडा उधळत निघालाय, हातातून विजेसारखे बाण सुटताहेत आणि माणसं जागोजागी कोसळताहेत. त्याला थांबवायला कुणी धावतंय, कुणी दारात थिजून उभं आहे. चित्रात एकही शब्द समजावणीचा नाही, तरी आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला सांगावंसं वाटतं. जाणत्यांनी या गल्लीचं मूळही शोधलंय. भिंती, कमानी आणि चढ ग्रीसच्या रोड्स बेटावरच्या जुन्या ‘नाइट्सच्या रस्त्या’शी जुळतात. खऱ्या रस्त्याचा भक्कमपणा पाठीशी असल्यामुळेच तो जादूगार इतका खरा वाटतो, असं माझं मत आहे.

सदर्लंड यांचा हात वेगळा. रेघ अधिक बारीक, आकृत्या थोड्या ठेंगण्या, चिलखताच्या कड्या आणि पट्ट्यांचे बक्कल काळजीपूर्वक मोजून काढलेले. ते व्हिएतनाम युद्धात सैन्यात होते. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधलं त्यांचं ‘अ पॅलाडिन इन हेल’ हे चित्र पाहावं. एकटा योद्धा नरकातल्या कड्यावर सैतानांच्या झुंडीशी भिडलाय आणि मागे हटायला जागा नाही. या एका चित्रावरून वीस वर्षांनी, १९९८मध्ये, त्याच नावाचं एक साहस-पुस्तक लिहिलं गेलं. शब्दांवर चित्र बेतण्याची रीत इथे उलटी झाली.

एरोल ओटस यांचं चित्र ओळखायला सहसा सही लागतच नाही. त्यांचे प्राणी वितळत असल्यासारखे दिसतात. अवयव कुठे संपतो आणि वनस्पती कुठे सुरू होते हे कळत नाही, आणि रंग स्वप्नातले. १९८१च्या ‘बेसिक’ संचाचं मुखपृष्ठ त्यांचं. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’चंही. या दुसऱ्या पुस्तकात इंद्र, वरुण, यम, उषा, विष्णू, लक्ष्मी अशा आपल्या देवतांचं एक प्रकरण होतं आणि प्रत्येक देवतेला खेळात वापरायचे आकडे दिलेले होते. जेफ डी यांच्या आकृत्या सुपरहिरोंच्या कॉमिकमधून आल्यासारख्या स्वच्छ, पिळदार. हे हात एकदा नजरेत बसले की पान उलटतानाच नाव ओठांवर येतं.

तरीही नजर फसते, आणि ती सर्वांत जास्त आवृत्त्यांमुळे फसते. ‘प्लेयर्स हँडबुक’चं १९७८चं मुखपृष्ठ ट्रॅम्पियर यांचं. शिंगं असलेल्या दैत्याची अजस्र मूर्ती, तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटणारे दोन चोर आणि खाली लढाई आटोपून नकाशा पाहणारी त्यांची टोळी. १९८३ साली कंपनीने या मूळ पुस्तकांना नवी मुखपृष्ठं चढवली. ती जेफ ईझली यांची, तैलरंगातली. आतली चित्रं मात्र जुनीच राहिली. त्यामुळे ज्याच्या हातात नंतरची प्रत पडली, त्याच्या मनात त्या पुस्तकाशी ईझली यांचंच नाव जोडलं जातं. ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ या १९८१च्या पुस्तिकेची गोष्ट तर आणखी टोकाची. नारिंगी मुखपृष्ठाची पहिली छपाई आतल्या काही चित्रांवर आक्षेप आल्याने कंपनीने मागे घेतली आणि नष्ट केली. थोड्याच प्रती वाचल्या. नंतर हिरव्या मुखपृष्ठाने मजकूर आणि चित्रं बदलून तीच पुस्तिका पुन्हा निघाली. तेव्हा कुणाचं चित्र हे विचारण्याआधी कोणती छपाई हे विचारावं लागतं.

मूळ चित्र हाती असेल तर पुष्कळ प्रश्न सुटतात. कागदाच्या मागे नोंद असते, न कापलेली कड असते. पण मूळ चित्रं सांभाळायची असतात हे त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हतं. जेफ डी यांची मूळ चित्रं कंपनीतच टाकून दिली गेली. २०१२च्या सुमारास त्यांनी लोकवर्गणी उभी करून आपलीच जुनी चित्रं पुन्हा काढायला घेतली. तीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं काम छापील पानावर पाहून नव्याने काढायचं, यात किती चिकाटी लागली असेल!

ट्रॅम्पियर यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न वाचकांना चित्रांपेक्षाही जास्त छळत राहिला. ‘ड्रॅगन’ मासिकात १९७७पासून त्यांची ‘वर्मी’ नावाची चित्रकथा येत होती. बोलिंगच्या चेंडूंनी बिलियर्ड्स खेळणारा एक ड्रॅगन तिचा नायक. एप्रिल १९८८च्या अंकानंतर ती मध्येच थांबली. गोष्ट अर्धवट होती आणि मानधनाचे धनादेश न वटवता परत आले. ते वारले असाच अनेकांचा समज झाला. २००२ साली इलिनॉयमधल्या कार्बनडेलच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकाने रात्रपाळीच्या टॅक्सीचालकावर एक लेख छापला. चालकाचं नाव डेव्हिड ट्रॅम्पियर होतं, सोबत छायाचित्रही होतं. लेखाचा विषय टॅक्सी होता. खेळ ओळखणाऱ्यांना मात्र आपला हरवलेला चित्रकार सापडला. ते या व्यवसायात परतले नाहीत. अखेरच्या काळात त्यांनी काही मूळ चित्रं विकायची आणि गावातल्या खेळ-संमेलनात मांडायची तयारी दाखवली होती. संमेलनाआधीच, २४ मार्च २०१४ला ते गेले. सदर्लंड २००५मध्येच गेले होते.

म्हणून हयात चित्रकारांना आजच विचारून घेणं मला सर्वांत तातडीचं वाटतं. आपला हात आपण जसा ओळखतो तसा दुसरा कुणी ओळखत नाही. २०१८ साली पीटरसन, मायकल विटवर, काइल न्यूमन आणि सॅम विटवर यांनी ‘आर्ट अँड आर्काना’ हा जाडजूड चित्रमय इतिहास काढला. आतल्या पानावरच्या त्या एकत्र यादीतलं एकेक नाव आपल्या चित्राजवळ नेऊन ठेवणारं हे काम मोठं आहे.

यापुढचं काम मला नकाशांचं दिसतं. मुखपृष्ठावर चर्चा होते, नकाशावर फारशी नाही. १९८०च्या ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’मधला षटकोनी घरांचा भलामोठा रंगीत नकाशा डार्लीन या चित्रकर्तीने काढला. डोंगर, जंगलं, नद्यांची नावं, सगळं सुलेखनकाराच्या हाताने. तो टेबलावर पसरला की गावांची नावं मोठ्याने वाचाविशी वाटतात. १९८३च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मधल्या किल्ल्याचे तिरक्या कोनातून काढलेले नकाशे सदर्लंड यांचे. मजल्यावर मजला रचलेला, जिने वरखाली जाणारे, एक खोली दुसरीच्या माथ्यावर नेमकी कुठे येते ते दिसणारे. खेळणारे तासन्‌तास या रेषांवर बोट फिरवत बसले आहेत. चिलखताच्या कड्या मोजून काढणारा तो हात इथे भिंतींच्या जाडीत आणि पायऱ्यांच्या मापात दिसतो. त्या पिढीच्या इतर पुस्तिकांतल्या तळघरांचे आणि भुयारांचे नकाशेही याच डोळ्यांनी, सही आणि रेघ तपासत, एकेक करून पाहायला हवेत.